बिनशंखाची

प्रिय गोगले,

तुझ्या आईमागे सारखी उठतेय, म्हणून अक्षर वेडंवाकडं. माझी ही ताई खिडकीपाशी जाते, तुझ्या खोक्यात डोकावते, पाणी शिंपडते, परत येते, पुन्हा जाते. तिच्या पायाला भिंगरी आणि माझ्या जिवाला घोर.

खोक्यातली तुझी ती बिनशंखाची गोगलगाय जिवंत आहे. तू गेलीस त्याच संध्याकाळी ताई मिठाची बरणी घेऊन तिच्याकडे निघाली होती. मिठानं ती मरते, हे तूच शिकवलेलं. पण ताई नुसती उभी राहिली आणि बरणी वरच्या फळीवर पार मागे सारून ठेवली. तेव्हापासून आमचं जेवण अळणी. स्टुलावर कोण चढणार?

त्या दिवशी तू म्हणालीस, बाळ होणार आहे, लग्न होणार नाही. ताईच्या तोंडून निघालं, गोगलगाय अन् पोटात पाय! तू शांतपणे म्हणालीस, तिचा पाय खरंच पोटाशीच असतो, आणि बॅग उचललीस. एरवी मी हसले असते गं.

आता ती तुझं जाडजूड पुस्तक वाचते. गोगलगाईच्या उजव्या अंगाला श्वासाचं भोक आहे ना, त्याची उघडझाप चष्मा लावून बघत बसते. परवा म्हणाली, पाठीवर घर नाही बिचारीच्या. मी तुझंच ज्ञान पाजळलं की कातडीखाली शंखाची छोटी चकती असते, दिसत नाही इतकंच. त्यावर ती उठली. मग उगाचच तुझी खोली झाडून आली.

आज सकाळी ओल्या पानाखाली अंडी सापडली, काचेच्या मण्यांसारखी. ताई चक्रावली. पिल्लू होती तेव्हापासून ही एकटी, मग अंडी कुठून? मी सांगितलं, या जातीत नर-मादी एकाच अंगात असतात, कधीकधी एकटीचंही भागतं. ताई तिथेच जमिनीवर बसली. अंड्यांकडे बघत म्हणाली, भागत असेल, पण तिला एकटं पाडलं कुणी? आणि पदर तोंडाला लावला. मलाही रडू आवरेना.

म्हणून हे पत्र. परवा आम्ही दोघी तुला न्यायला येतोय. खोकंही आणतोय, ते एकटं ठेवायचं नाही म्हणे. आम्हाला बघून दार लावून घेऊ नकोस. ताई माफी मागणार नाही, तिला ते जमत नाही. ती आत येईल आणि तुझी बॅग उचलेल.

तुझीच, अळणी जेवून कंटाळलेली,
मावशी