शहरातून आलेली

१४ जून, सोमवार

केलेरा आली. सुवा शहरातून, नाकाबंदी लागायच्या आधीच्या शेवटच्या होडीने. तिचा नवरा मासेमारीच्या जहाजावर, तिकडे एकटी कशी राहणार? आठवा महिना सरत आलाय, पाय सुजलेत. मी पुढे झाले तर तिच्या बापाने, वाइसालेने हात आडवा घातला.

"दोन आठवडे मागच्या चुलीच्या खोपटात. कोणी शिवायचं नाही." स्वतःच्या मुलीला! पण तो गावचा कारभारी, नियम त्यानेच लावलेला. "माझ्याच घरातून मोडला तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल."

रेडिओवर बाई सांगत होत्या — हा नवा विषाणू आधीच्यासारखा नाही, नुसतं बाजूने गेलं तरी पुरतं. केलेरा हसली. "मग लांबच राहा आई. मी पाहुणी."

१५ जून

पुरुषांची बैठक. यंगोनाची मुळी कुटून पिताना एकच करवंटी सगळ्यांत फिरते ती बंद करायची, ज्याने त्याने आपली आणायची. संध्याकाळपर्यंत वाद. म्हातारा नेमानी म्हणाला, "आपापल्या करवंटीतून प्यायची तर घरीच पितो की. पण घरी बायको आहे." सगळे हसले. शेवटी झालं एकदाचं मान्य.

आणि शब्द पक्का करायला यंगोना केली. तिच्याशिवाय इथे ठराव कुठला ठरतो? सगळे एकाच करवंटीतून प्याले, टाळ्या वाजवल्या, घरी गेले. मी दारातून बघत होते. बोलावंसं वाटलं. बोलले नाही. वाइसाले खूश होता, बऱ्याच दिवसांनी.

१८ जून

नळावर वासेमाधाने गाठलं. आमची शेजारीण. "तुझ्या खोपटातून सुवाचं वारं थेट आमच्या अंगणात येतं गं. खिडकी लावून घ्यायला सांग पोरीला." मी बरं म्हटलं. घरी येऊन खिडकीला गोणपाट ठोकलं. आत किती उकडत असेल.

इलियासा अळकुड्यांची पोती घेऊन परवान्यावर बाजारात जाऊन येतो, एक दिवसाआड. त्याला कोणी काही म्हणत नाही. तो आपल्यातला. बैठकीत वाइसालेच्या मांडीला मांडी लावून बसला होता.

२२ जून

केलेरा गोणपाटामागे गुणगुणते. मी बाहेर भांडी घासते. दिवसभरात एवढीच सोबत.

२४ जून

वाइसाले खोकतोय. "हवा बदलली," म्हणतो. इलियासा अंथरुणाला खिळलाय. गाव म्हणतं, केलेराचं वारं लागलं. मी ऐकून घेते.

२७ जून, रविवार

चर्च बंद, म्हणून घरोघर प्रार्थना चालली होती. दुपारी केलेराची हाक आली. "आई, पाणी गेलं."

मी खोपटाच्या कडीला हात घातला. मागून वाइसाले — "थांब. नर्सला फोन केलाय, होडी निघालीय. तू आत गेलीस तर उद्यापासून माझं कोण ऐकेल?" उद्या दोन आठवडे पुरे होणार होते. मी थांबले.

होडी नाक्यावर अडली, कागद बघत बसले म्हणे. केलेरा हाका मारत राहिली. मी बाहेरून सांगत होते — श्वास घे, धर, आता सोड. कुंपणापलीकडे वासेमाधा तोंडाला फडकं धरून उभी. मग हाका थांबल्या, नुसतं कण्हणं.

नर्स लितिया पोचली तेव्हा बाळ झालेलं होतं. मुलगी. रडली नाही. नाळेचा वेढा बसला होता गळ्याला. "आत कोणी असतं तर—" लितिया म्हणाली आणि तिने माझ्याकडे बघितलं. गावातल्या सगळ्यांच्या नाकात काडी घालून तपासणी केली. जाताना केलेराला इस्पितळात घेऊन गेली.

बाळाला मागे नारळाखाली ठेवलं. खड्डा वाइसालेने खणला, खोकत खोकत.

२८ जून

कसावा उकडला. सोलला. कोणी खाल्ला नाही. मला काहीच वाटत नाही. वाटायला हवं ना?

३० जून

निकाल आले. वाइसालेला आहे. इलियासाला, नेमानीला, त्या करवंटीला तोंड लावलेल्या जवळजवळ सगळ्यांना. मलाही आहे, त्रास मात्र काही नाही.

केलेराला नाही. कधी नव्हताच.

वाइसालेने तेवढंच धरलं. "बघ, लांब ठेवली म्हणून वाचली ना?" मी त्याच्या डोक्यावरचं ओलं फडकं बदललं.

५ जुलै

नेमानी गेला. चार माणसांत पुरला. वासेमाधा आता नळावर माझ्याकडे बघत नाही.

१६ जुलै

वाइसाले उठून बसला. पार वाळलाय. पेटीतून व्हेल माशाचा दात काढला, त्याच्या आजोबांच्या वेळचा. मोठी चूक झाली की हाच समोर धरून क्षमा मागायची. समोरच्याने हात लावून घेतला की झालं-गेलं सगळं मिटलं. खूनसुद्धा मिटलेत आमच्यात असे. केलेरा इस्पितळातून सुटून माझ्या बहिणीकडे, आसेनाधाकडे गेलीय. "उद्या होडीने जाऊ," म्हणाला. "घेईल ती. नाही म्हणायची रीतच नाही."

१७ जुलै

आसेनाधाच्या अंगणात वाइसाले खाली बसला, दात दोन्ही हातांत धरून. असा बसलेला मी त्याला कधी बघितला नव्हता. "मी कारभारी झालो, बाप झालो नाही," म्हणाला. ते शब्द खरे होते.

केलेरा दारात उभी. छातीवर ओले डाग. दूध अजून येतंय.

सगळं ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "शिवायचं नाही, असा नियम आहे ना, बाबा?" आणि आत गेली.

आसेनाधा हबकली. वाइसाले उन्हात तसाच बसून राहिला. बऱ्याच वेळाने त्याने हात माझ्याकडे वळवले. मुलीच्या वतीने आईने घेतला तरी चालतो.

१८ जुलै

मी घेतला नाही. तो एकटाच होडीत बसला. मी अंगणातच उभी होते.

केलेरा म्हणाली, "आई, आत ये."