चार लाख अठरा हजार किलोमीटर

१६ नोव्हेंबर, रविवार

जीप! शिल्पाला जीप हवी आहे.

सकाळी पोहे खाताना म्हणाली, "अहो, हे बघा जरा." मोबाईलवर फोटो. मातकट हिरवी जुनी फोर बाय फोर जीप, मागे ताडपत्री, पुढच्या बंपरला लिंबू-मिरची. पिंपळनेरचे कोणी प्रेमराज पाटील, शेतकरी, ते विकताहेत. तिच्या शाळेतल्या रत्ना मॅडमचं माहेर तिकडचं, त्यांनी फोटो पाठवला. किंमत वाचली, ठीक वाटली. मग त्याखालचा आकडा वाचला. चार लाख अठरा हजार किलोमीटर!

चष्मा पुसून पुन्हा वाचला. तेवढाच.

वीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काढलेला माणूस मी. चंद्र तीन लाख चौऱ्याऐंशी हजारांवर. म्हणजे ही बाई चंद्रावर पोचून परतीच्या वाटेला लागलेली आहे. हे शिल्पाला सांगितलं तर म्हणते कशी — "मग चांगलंच की. तिथले रस्ते काय डांबरी असतील?"

लिंबू-मिरचीचं विचारलं. "ते आपण काढून टाकू," म्हणाली. म्हणजे मनाने घेऊन झालेली आहे.

१७ नोव्हेंबर

आईला कळलं. रात्रीच्या जेवणात विषय तोच. "भंगारवाला पैसे देऊन नेतो रे बाबा. तुम्ही पैसे देऊन आनता?" शिल्पा हसली. मीही हसलो, पण मनातून आईच्या बाजूचा.

आमची छोटी गाडी काय वाईट आहे? नशिराबादहून कॉलेजला जायला-यायला छान. पण जानेवारीत सातपुड्यातल्या पाल गावाकडे गेलो होतो तेव्हा एका कोरड्या नाल्यात तिचं पोट दगडावर टेकलं. मागे नाही, पुढे नाही. ट्रॅक्टर येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला बसून शेंगा खात होतो. पुढे पायवाटेसारखा रस्ता जंगलात वळत होता. शिल्पा त्या वळणाकडेच बघत बसली होती. तेव्हापासून म्हणते — "डोंगर आपण बाहेरूनच बघायचा का?"

२० नोव्हेंबर

जितेंद्रला विचारलं. माझ्यासोबत शाळेत होता, आता जळगावात त्याचं गॅरेज आहे. आकडा ऐकून त्याने पाना खाली ठेवला. "इंजिन उघडलंय का कधी?" माहीत नाही. "मीटर बदललंय का?" माहीत नाही. "मग तुला माहीत काय आहे?" — रंग.

रविवारी सोबत येतो म्हणाला.

२३ नोव्हेंबर, रविवार

पिंपळनेरला जाऊन आलो. पाठ मोडली आहे, तरी लिहितो.

पहाटे निघालो, धुळ्यात चहा, साक्रीच्या पुढे थंडी वाढली. प्रेमराजभाऊ शेताच्या बांधावरच उभे होते. पन्नाशीचा, हसरा माणूस. पहिलंच वाक्य — "साहेब, आधी सांगून टाकतो. मीटर मधे दोन वर्षं बंद होतं. तुम्ही साडेचार लाख धरा."

असा विकणारा मी पाहिला नाही! शिल्पाने माझ्याकडे असं बघितलं जणू हा तिचाच मोठा भाऊ.

पंधरा-सोळा वर्षं त्यांनी तिच्यातून भाजी वाहिली, पाड्यांवरची माणसं बाजाराला आणली, दोन वऱ्हाडं नेली. आता पिकअप घेतलीय, दोन-दोन गाड्या पोसवत नाहीत. त्यांचे वडील निंबा आबा खाटेवर ऊन खात बसले होते. मला म्हणाले, "म्हातारी शे भाऊ, पन बठ्ठा डोंगर पाठ शे तिले." बठ्ठा, म्हणजे सगळाच्या सगळा.

जितेंद्र गाडीखाली शिरला. पाय तेवढे बाहेर. आतून एकेक आवाज — "बरं…", "अरेरे…", "हे कुणी केलं?" बाहेर आला, हात पुसले. "इंजिन एक नंबर. घेऊ नको."

मी म्हटलं, म्हणजे काय? तर मागचा पत्रा गंजलेला, स्प्रिंगचे पाटे थकलेले, स्टिअरिंगमध्ये खेळ. "दर महिन्याला माझ्याकडे येशील. माझं बरं होईल, तुझं नाही."

मग चालवून बघितली. शिल्पाने! प्रेमराजभाऊ शेजारी, मी आणि निंबा आबा मागच्या बाकांवर समोरासमोर. नदीच्या पात्रात उतरली, गोट्यांवरून डुलत डुलत पलीकडे चढली. शिल्पाची वेणी सुटली होती, तिला पत्ताच नव्हता. आणि ऐन चढावर — बंद! पूर्ण शांतता. प्रेमराजभाऊंचा चेहरा पडला. माझ्या मनात — सुटलो!

आबा काठीने टाकीवर ठोकून म्हणाले, "काही नही रे भाऊ, भूक लागनी तिले." डिझेल संपलं होतं. काटा अर्धी टाकी दाखवत होता. तो गेली कित्येक वर्षं अर्धीच दाखवतो म्हणे.

दुपारी शेतात भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. तिसऱ्या भाकरीला जितेंद्र म्हणाला, "तसं बघायला गेलं तर… घ्यायला हरकत नाही." भरिताचा परिणाम. त्याचं मत मोजायचं नाही असं मी ठरवलं.

२४ नोव्हेंबर

काल परत येताना पारोळ्याला थांबलो होतो, तेव्हा शिल्पाला सांगून टाकलं — नको. गंज, पाटे, स्टिअरिंग, डिझेलचा काटा, आपलं वय. सगळं नीट मांडलं.

ती म्हणाली, "बरं."

एवढंच. वाद नाही, काही नाही. जितेंद्रला भजी हवीत का विचारलं आणि विषय संपला.

मला मोकळं वाटायला हवं होतं.

२७ नोव्हेंबर

अजूनही "बरं" चालू आहे. रागावलेली नाही. गाणं म्हणत स्वयंपाक करते, मुलांच्या वह्या तपासते, आईच्या गुडघ्याला तेल लावते. फक्त मोबाईलवरचा तो फोटो काढून टाकला आहे. मी शोधून बघितलं, नव्हता.

६ डिसेंबर

सकाळी विहारात. अभिवादन करून आलो. आई पांढऱ्या साडीत, शिल्पाचा हात धरून. गर्दीत दोघी मागे राहिल्या होत्या. लांबून त्यांच्याकडे बघताना वाटलं — आपलं चांगलं चाललंय. तिघंच आहोत, पण चांगलं चाललंय.

जीपचा विषय नाही.

१४ डिसेंबर, रविवार

आज हवा अगदी स्वच्छ. गच्चीवर गेलो तर शिल्पा आधीच तिथे, कठड्याला टेकून. उत्तरेला सातपुडा स्पष्ट दिसत होता, निळ्या रेघेसारखा.

मी म्हटलं, "जीपचं वाईट वाटलं का तुला?"

"जीपचं नाही हो. मला वाट बघत बसायचा कंटाळा आलाय. आपण नेहमी काहीतरी झाल्यावर काहीतरी करणार असतो. आता आहोत तसं उठून निघावं वाटतं. दोघं तर दोघं."

दोघं तर दोघं. सोळा वर्षांच्या संसारात असं स्पष्ट कधी बोलली नव्हती. डोळ्यात पाणी नव्हतं. आवाजही नेहमीचाच.

"आईला गुडघ्यामुळे चढता येणार नाही त्यात," मी म्हणालो. काय बोललो हे! पण ती हसली. "स्टूल ठेवू," म्हणाली.

१६ डिसेंबर

लॅबमधून प्रेमराजभाऊंना फोन केला. गेली का गाडी?

"नाही, पण नरडाण्याचा एक जण बघून गेलाय. उद्या पैसे घेऊन येतो म्हणाला."

"काय करणार आहे तो तिचं?"

"इंजिन काढून घेणार. बाकीची तोडणार." मग म्हणाले, "आबा दोन दिवस झाले माझ्याशी बोलत नाहीत."

मी म्हटलं, त्याला नाही म्हणून सांगा. मी उद्या येतो!

फोन खिशाऐवजी वजनांच्या पेटीत ठेवला. मुलांचं लोलकाचं प्रॅक्टिकल चालू होतं, एकाने विचारलं — सर, काय झालं? काही नाही रे, दोलनं मोज.

१७ डिसेंबर

रजा टाकली. घरी सांगितलं, कॉलेजच्या कामाने धुळ्याला जातोय. लग्नानंतरची ही माझी सर्वांत मोठी थाप.

प्रेमराजभाऊ जीप घेऊन धुळ्यात आले होते. निंबा आबाही सोबत — ऐकेनात म्हणे. सह्या झाल्या. आबांनी बॉनेटवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "चाल, आते तू चालाड." लिंबू-मिरची त्यांनी स्वतःच सोडून खिशात घातली.

आणि मी — एकटा — हायवेवर! स्टिअरिंग अर्धा वेढा फिरवल्यावर गाडीला कळतं की आपल्याला वळायचंय. ट्रक हॉर्न देत ओलांडून जात होते. अंग घामाने भिजलं, तेही डिसेंबरात.

पारोळ्याच्या स्टँडजवळ एका बाईंनी हात केला. कोणी अडचणीत आहे वाटून थांबलो, तर त्या पिशव्यांसकट चढल्याच. "एरंडोल घेशील ना?" पॅसेंजर जीप समजल्या! आता उतरा कसं म्हणायचं? घेतलं. कुंदाबाई त्यांचं नाव, लेकीकडे निघालेल्या. थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "गाडी नवी दिसते रे तुझी."

"एवढी जुनी, आणि नवी?"

"तुला नवी. घाबरत घाबरत चालवतो म्हनून म्हनते."

एरंडोलला उतरताना भाडं पुढे केलं. मी नको नको म्हणतोय, त्या ऐकेनात. शेवटी पिशवीतली चार सीताफळं सीटवर ठेवून गेल्या.

घरी पोचलो तर शिल्पा गेट लावत होती. आधी तिला वाटलं, कोणीतरी पत्ता विचारतंय. मग मला बघितलं. हात तोंडावर गेला. "तुम्ही…? तुम्ही आणलीत?" एवढंच दोनदा-तीनदा म्हणत राहिली, आणि मग माझ्याकडे न येता आधी जीपकडे गेली! बरोबरच आहे.

आई ओट्यावरून — "आनलं का शेवटी भंगार?" मग पायरी उतरून खाली आली, आत डोकावली. "बसायला जागा तर लई आहे रे यात."

२१ डिसेंबर, रविवार

जितेंद्रने पाटे बदलले, स्टिअरिंग आवळलं. पत्र्यावर रंग मारून दिला — हिरव्याशी न जुळणारा हिरवा. डिझेलचा काटा मात्र त्यालाही जमला नाही. तो म्हणाला, डिझेल भरलं की किलोमीटरचा आकडा लिहून ठेवत जा. शिल्पा म्हणाली, काटा कायम अर्धी टाकी दाखवतोय ना, मग आनंदातच राहायचं.

२८ डिसेंबर, रविवार

पाल! तिघं गेलो. आई पुढच्या सीटवर, शाल गुंडाळून. शिल्पाने चालवली, मी मागे डबे सांभाळत.

तो नाला आला. शिल्पाने गिअर टाकला आणि आम्ही नुसते डुललो — पार! आई ओरडली, "अगं हळू!" आणि पलीकडे गेल्यावर म्हणाली, "परत येतानाबी इथूनच ना?"

वळणापलीकडे काय होतं? सागाची झाडं, एक झरा, एक गाय. खास असं काही नाही. तिथेच दशम्या खाल्ल्या. ऊन पाठीवर घेत तासभर बसलो. आई झऱ्यात पाय सोडून बसली होती. शिल्पा डोळे मिटून पडली होती, गवताची काडी तोंडात.

काहीही राहून गेल्यासारखं वाटलं नाही आज. खूप दिवसांनी.

५ जानेवारी

शिल्पाचा शाळेतून फोन, मधल्या सुट्टीत. आवाज ओळखू येईना.

साडेतीन वर्षांपूर्वी आम्ही दत्तकासाठी नाव नोंदवलं होतं. नंबर लागेना, तेव्हा दोघांनीही त्याबद्दल बोलणं सोडून दिलं. इथेसुद्धा मी कधी एक ओळ लिहिली नाही. आज मेसेज आला. मुलगी आहे. पावणेतीन वर्षांची, नाशिकच्या एका संस्थेत. फोटोत एकाच पायात चप्पल आहे, आणि दुसरी तिने छातीशी धरली आहे.

हो की नाही कळवायला दोन दिवस देतात. शिल्पाने मला फोन करायच्या आधीच "हो" कळवलं होतं.