पाळण्यात राहून गेलेलं ‘इति’

न्यूपोर्ट, अस्क नदीचा पश्चिम काठ

तीर्थस्वरूप दादासाहेब यांस अच्युतचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता वाकत असेल अशी आशा आहे. माझा सध्या आपल्या भगिनीपुढे रोज वाकतो.

कारण आमचा पाळणा. (बारशाचा नव्हे, घाबरू नका. नदीवरच्या उंच तुळईला लोखंडी दोरांनी टांगलेला, माणसं-मोटारी पलीकडे नेणारा.) माझा मित्र डिल्विन प्यू ह्याने तो एकतीस वर्षं चालवला. ‘चालकाशी बोलू नये’ ही पाटी उतारूंसाठी होती, पण ह्या भल्या माणसाने ती स्वतःलाही लावून घेतली. निवृत्त झाला तरी पाळण्यात पाय ठेवला की त्याची वाचा बसते. पलीकडे चहाची टपरी चालवणारी ओल्वेन रोज त्याच पाळण्याने जाते. तिला लग्नाचं विचारायचं, तर काठावर ती कामात आणि पाळण्यात हा मुका. शेवटी दूत म्हणून मी. (संस्कृत शिकलेल्या माणसाला लोक कशातही पुढे करतात.)

शनिवारी डिल्विन आमच्याकडे पाठ फिरवून खालचा चिखल न्याहाळत राहिला आणि मी ओल्वेनला निरोप म्हणून दाखवला: “एकतीस वर्षं मी दोन्ही काठांना सारखाच लागत आलो. आता तू असशील त्याच काठाला कायमचं लागावं म्हणतो.” संस्कृतात दुसऱ्याचं बोलणं आधी येतं, ‘इति अमुक’ शेवटी. त्या सवयीने ‘असं डिल्विन म्हणतो’ हे मी शेवटाला राखून ठेवलं होतं. तेवढ्यात पाळणा धक्क्याला टेकला, घंटा वाजली, फाटक उघडलं, आणि माझं ‘इति’ घशातच राहिलं. संस्कृतातल्या उत्तमपुरुषात, म्हणजे ‘मी’ म्हणून, बोललो आणि अधम ठरलो.

ओल्वेनने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “अच्युत, बाबा, आधी आपल्या बायकोला विचार. ती बघ मंदा, भाजीची पिशवी घेऊन काठावरच उभी आहे.”

तेव्हा डिल्विन पाळण्यात आयुष्यात पहिल्यांदा बोलला. “ते माझं होतं.”

“मग पाठ फिरवून काय मासे मोजत होतास?” असं म्हणत ओल्वेनने आपला केकचा डबा त्याच्या हातात दिला. पुढच्या महिन्यात लग्न आहे.

माझं मात्र बिघडलं. प्रामाणिक डिल्विनने तिथल्या तिथे मंदाला सांगून टाकलं की भावना त्याची, वाक्य माझं. आपल्या भगिनी एवढंच म्हणाल्या, “सव्वीस वर्षं हे कुठे ठेवलं होतंत?” तेव्हापासून त्या फक्त किटलीशी बोलतात: “ज्यांना वाक्यं सुचतात त्यांनी आपला चहा आपण करून घ्यावा.”

बाकी क्षेम.

आपला,
अच्युत

ता. क. मंदासाठी नवं वाक्य केलं आहे, सोबतच्या चिठ्ठीत. ती माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते. तेव्हा फोनवर आपण वाचून दाखवावं. मात्र ‘इति अच्युत’ आधीच सांगावं. फोन मध्येच तुटतो.

पुन्हा ता. क. वाचताना वहिनी घरात नसाव्यात. त्यांनी ऐकलंच, तर त्यांच्यासाठी वाक्य मागायला मला लिहू नका. आता एकही वाक्य शिल्लक नाही.