कुठेच न जाणारं जहाज

६ फेब्रुवारी

चढलो एकदाचे. नाकात काडी घालून डोळ्यांतून पाणी काढलं, कपाळाला ते ताप मोजायचं पिस्तूल लावलं, मग कुठे आत सोडलं. जहाज केवढं – आमचा अख्खा रस्ता दुकानांसकट मावेल. आणि माणसं? चिमूटभर. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं, सगळी बंद. आपल्याच चपलांचा आवाज ऐकत चालायचं.

जहाज कुठेही थांबणार नाही म्हणे. कुठलंच बंदर उतरू देत नाही. समुद्रात फिरायचं नि परत यायचं. हे म्हणाले, "मग जायचं कशाला?" चिरंजीव म्हणाले, "सगळे एकत्र राहायला."

एकत्र म्हणजे आम्ही दोघं, चिरंजीव, सूनबाई आणि नात पिटू. सूनबाई नर्स. साथ आली तशी ती हॉस्पिटलच्या होस्टेलवरच राहायला गेली. घरी यायची ती फाटकापर्यंत. पिटूला लांबून हात करायचा नि परत जायचं, असं वर्ष गेलं. पिटू माझ्या कुशीत झोपायला शिकली. आता साथ जरा ओसरली, सूनबाईला रजा मिळाली. गेला आठवडाभर घरी होती, पण पाहुणीसारखी. स्वतःचा कप स्वतः धुऊन पालथा घालायची.

बॅगा भरताना चिरंजीव हळूच म्हणाले, "आई, ती तिकडेच राहायचं म्हणतेय. रजा संपली की परत. ह्या सहलीत काय ते ठरेल."

तेव्हापासून बॅगेत काय भरलं, काय राहिलं, शुद्ध नाही.

७ फेब्रुवारी

जेवायला बसलो तर टेबलाभोवती पाच वेटर. पाहुणे कमी म्हणून त्या बिचाऱ्यांना कामच नाही. ह्यांचा चमचा पडला तर तिघे धावले. घास तोंडात घालायचा तरी चोरी – पाच जोडी डोळे मास्कवरून आपल्याच ताटात.

मग गाणं. केवढं थोरलं सभागृह, मखमली खुर्च्या, एक सोडून एकीवर फुल्या. ऐकायला आम्ही आणि एक म्हातारं जोडपं. गाणारी झगमगीत कपडे घालून जीव तोडून गात होती. मला इतकं वाईट वाटलं की हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. सूनबाई मधेच उठून गेली.

ह्यांनी बॅगेतून गजराचं घड्याळ आणलंय! मी म्हटलं, समुद्रात कुणाला उठवायचंय? "उठायला नाही, झोपायला," म्हणाले. घड्याळजी माणूस. टकटक कानावर पडल्याशिवाय ह्यांना झोप नाही. मी गल्ल्यावर बसते, पट्टे बदलून देते, मलाही सवय झालीय म्हणा. घरात भिंतभर घड्याळं. पण सूनबाई येणार म्हटल्यावर मीच सगळी बंद करायला लावली. दमून आलेली पोर, शांत झोपू दे. लंबक थांबवताना ह्यांचा चेहरा असा झाला होता, जणू मी मुलंच घराबाहेर काढतेय. कुकर लावला नाही, पिटूला पायात मोजे घातले. एवढं सगळं केलं! आणि तरी बाईसाहेबांना होस्टेलच गोड.

८ फेब्रुवारी

पिटू पोहली. एवढ्या तलावात ती एकटी, आणि काठावर शिट्टी घेऊन एक आडदांड रक्षक फक्त तिच्यासाठी उभा. सूनबाई टॉवेल घेऊन पुढे झाली तर पिटू वळसा घालून माझ्याकडे आली. "आजी पुसेल."

सूनबाईने टॉवेल माझ्या हातात दिला आणि हसली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि खरं सांगू? आतून कुठेतरी बरंही वाटलं. इथे लिहिते, कुणाला सांगणार नाही.

९ फेब्रुवारी

आमची खोली सांभाळणारा मोठा कलाकार आहे. रोज संध्याकाळी पलंगावर माणशी एक टॉवेलचा प्राणी करून ठेवतो. काल दोन ससे, आज दोन हत्ती, सोंड वर केलेले. मी त्याचं नाव टॉवेलवाला ठेवलंय.

आज जेवून परतताना समोरच्या ओळीतल्या एका खोलीचं दार उघडं दिसलं. ती सगळी ओळ रिकामी. पण आत पलंगावर हत्ती! रिकाम्या खोलीत हत्ती कशाला? मान जरा आत घातली. उशाशी सूनबाईचा निळा स्वेटर, तिचा चष्मा.

म्हणजे ती इथे झोपते. नवऱ्याला नि लेकीला पलीकडे टाकून.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तू बघितलं नाहीस असं समज." असं कसं समजू?

१० फेब्रुवारी

केलं मी. कुणाला विचारलं नाही. टॉवेलवाल्याला गाठलं आणि सांगितलं, आमच्या सुनेचं सामान तिच्या नवऱ्याच्या खोलीत ने, समोरची खोली आता लागणार नाही. त्याने जरा मान खाजवली. पण पांढऱ्या केसांचा शब्द, ऐकला बिचाऱ्याने. संध्याकाळी खोलीला कुलूप.

सूनबाई जेवून आली, बंद दारापाशी उभी राहिली. मी आमच्या दाराच्या फटीतून बघत होते. मूठ फिरवून पाहिली. वळली आणि नवऱ्याच्या खोलीत गेली.

झालं ना? एका पलंगावर पडली की चार शब्द बोलतील तरी. आम्ही नाही का संसार केला!

११ फेब्रुवारी

हात दाखवून अवलक्षण.

चिरंजीव सकाळीच आले, डोळे तांबारलेले. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "आई, कुणी सांगितलं होतं तुला?"

मी म्हटलं, नवराबायकोत भांडण झालं तर मिटवायला नको?

"भांडण नाहीये गं. भांडण असतं तर बरं झालं असतं, मी माफी मागितली असती. तिला झोपच येत नाही. आपल्या घरी आल्यापासून नाही आली, इथेही नाही. येरझाऱ्या घालते, मला हलवून बघते. पिटूच्या नाकापुढे बोट धरते. काल पिटू घाबरून जागी झाली आणि किंचाळली, आजीकडे जायचंय म्हणून. हे होऊ नये म्हणूनच ती वेगळी झोपत होती. मीच घेऊन दिली होती ती खोली."

आणि मग म्हणाले, "होस्टेलवर तिला झोप येते. मी काय करू, तूच सांग."

मी काय सांगणार? मला शिलाई उसवलेला पट्टा दाखवा, दोन मिनिटांत शिवून देते. हे कसं शिवायचं? आमच्या घरात काय काटे आहेत? गादी मऊ, खोली शांत, माणसं दबक्या पावलांनी चालतात. तिकडे लोखंडी खाट आणि भिंतीपलीकडे वॉर्ड. तिथे झोप येते!

टॉवेलवाल्याला सांगून कुलूप काढून घेतलं.

१२ फेब्रुवारी

ह्यांना ताप.

सकाळी दाराशी कपाळाला पिस्तूल लावलं तर ते लाल झालं. नाकात काडी. आणि थोड्या वेळाने पांढऱ्या झग्यातली दोन माणसं आली, नुसते डोळे दिसणारी. ह्यांना खाली नेलं, जहाजाच्या दवाखान्याशेजारच्या खोल्यांत. मी बरोबर येते म्हटलं तर हात आडवा केला. बॅग भरायलाही वेळ दिला नाही. घड्याळ तेवढं उचलून हे निघाले. चष्मा राहिला इथेच.

सूनबाई धावत आली. आणि मी – जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्यासाठीच – म्हणाले, "हॉस्पिटलातून तूच आणलंस हे."

तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. म्हणाली, "रोज सकाळी तपासते आई मी स्वतःला. आजही तपासलं." निगेटिव्ह आलेली ती पट्टीही दाखवली. मग ह्यांचा चष्मा उचलला, रुमालात पुसला आणि घेऊन गेली.

आम्ही सगळे निगेटिव्ह. ह्यांना कुठून आलं, कुणाला ठाऊक. वेटर, गाणारी, दाराची मूठ. आता कुणाच्या नावाने बोटं मोडू?

१३ फेब्रुवारी

जहाज थांबलंय. किनारा दिसतो. इमारती दिसतात, गाड्या दिसतात. आत घेत नाहीत.

आम्ही खोल्यांत कोंडलेले. जेवण दाराबाहेर ठेवून टकटक करून पळतात. टॉवेलही दाराबाहेर. आज हत्ती एकच होता.

१४ फेब्रुवारी

भोंग्यातून कप्तान बोलला. आणखी काहीजण आजारी. दवाखान्यात एकच डॉक्टर, आणि दोन नर्सपैकी एक स्वतःच आडवी. प्रवाशांत कुणी जाणकार असेल तर मदत हवी. पण एकदा आत गेलं की बंदराला लागेपर्यंत बाहेर येता येणार नाही.

मी बाल्कनीत धावले. आमच्या बाल्कन्यांमध्ये नुसता एक पडदा. "जाऊ नको हं," मी ओरडले. "रजेवर आहेस तू. लेकराचं बघ."

पलीकडून चेनचा आवाज आला, बॅग बंद केल्याचा.

मग पडद्याच्या फटीतून तिचा हात आला. हातमोजा नव्हता. माझ्या हातावर ठेवला. "मी बाबांजवळ असेन," म्हणाली. माझं तोंड उघडलं, पण जे बोलायचं होतं ते आलंच नाही. माफ कर हे दोन शब्द. आयुष्यभर गिऱ्हाइकांना दिवसातून दहादा म्हणते!

पिटू बाल्कनीतून बघत होती. "आई परत फाटकापर्यंतच येणार का?" असं विचारलं तिने.

१५ फेब्रुवारी

ह्यांना नाकाला नळी लावलीय. फोनवर सूनबाई सांगते, "प्राणवायू कमी होतोय जरा, लक्ष आहे माझं." मी म्हटलं, "अगं, त्या दिवशी मी..." ती म्हणाली, "आई, बाबांना सूप कोमट पाठवायला सांगा, गरम नको." फोन ठेवला.

देवासमोर बसावं तर बॅगेत देव नाही. खिडकीसमोर बसले.

१६ फेब्रुवारी

तसेच.

१९ फेब्रुवारी

ह्यांचा फोन! स्वतः बोलले. आवाज फाटका, पण आपला.

"हळू बोल," म्हणाले.

मी म्हटलं, का, दम लागतोय?

"मला नाही. ही झोपलीय."

कोण?

"आपली सून. खुर्चीत. डोकं माझ्या गादीवर. यंत्र टुकटुक करतंय, उशाशी माझं घड्याळ टकटक करतंय, आणि ही चक्क घोरतेय. काल त्या दुसऱ्या नर्सने यंत्राचा आवाज बंद केला, म्हणाली आजोबा बरे आहेत आता, कशाला उगाच कटकट. तर ही अशी दचकून उठली, आधी माझी नाडी धरली. मग माझ्याशी बोलली." ह्यांना खोकला आला, मी थांबले. "वर्षभरात ती एकच गोष्ट शिकलीय. आवाज चालू तर माणूस आहे. आवाज थांबला की उठून धावायचं, आणि बहुतेक वेळा उशीर झालेला असायचा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. हे पुढे म्हणाले, "आणि आपण काय केलं? जखम मांडीला, मलम शेंडीला. सगळी घड्याळं बंद केली."

आपण नव्हे. मी केली. हे भले, म्हणून 'आपण' म्हणाले.

२० फेब्रुवारी

बाल्कनीतल्या पडद्याआडून चिरंजीवांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उशीर झाला आई. तिने कळवलंय तिकडे, रुजू होते म्हणून. उतरलो की एक रात्र घरी, सामान घ्यायला. सकाळी गाडी येईल."

म्हणजे ठरलं. कारण कळलं आणि उपयोग शून्य. ह्यापेक्षा न कळतं तर तिला दोष तरी देत बसले असते.

२४ फेब्रुवारी

बंदराने एकदाचं आत घेतलं, उतरलो. हे चाकाच्या खुर्चीत, वाळलेले, पण खुर्ची ढकलणाऱ्याला वाटेत त्याच्या मनगटावरचं घड्याळ मागे पडतंय म्हणून सांगत होते. सूनबाई बरोबर, डोळ्यांखाली मास्कचे वळ. टॉवेलवाला वरच्या कठड्यावरून हात करत होता. त्यालाही घरी जायचंय, वर्ष झालं म्हणे, कुणी उतरवून घेत नाही.

घर मुकं होतं. सूनबाई अंघोळ करून आली, बॅग भरून दाराशी ठेवली. "झोप हं जरा," मी म्हटलं. ती "हो" म्हणाली, मला बरं वाटावं म्हणून.

डॉक्टरांनी बजावलेलं असूनही हे अंथरुणातून उठले. मी अडवलं नाही, स्टूल धरलं. हे किल्ली देत गेले, मी लंबकाला बोट लावत गेले. पिटूने खालची दोन चालू केली. एकाचा ताल दुसऱ्याशी जुळत नाही, नुसता बाजार. मी म्हटलं, वेळ तरी लावा नीट. "वेळ कुणाला हवीय," म्हणाले.

२५ फेब्रुवारी

गाडीवाला आला. दोनदा हॉर्न वाजवला. चिरंजीवांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग ते खाली गेले आणि त्याला परत पाठवून, सूनबाईच्या वॉर्डात फोन करून आले. रात्री मधेच केव्हातरी पिटू माझ्या अंथरुणातून उठून तिकडे गेलीय, आईच्या पाठीला चिकटून पडलीय. भिंतीवरच्या सगळ्यांनी आळीपाळीने ठोके दिले. चहा दोनदा गरम केला. सूनबाई अजून उठलेली नाही.