चामड्याला लावलेलं तेल

हिंगोली,
माघ शुद्ध दशमी, शके १८६०

चि. सौ. द्वारका हीस रामकिशनचा आशीर्वाद. मी इकडे खुशाल आहे. तुझी व मामांची खुशाली कळवावी.

पत्र भावसिंगच्या हाती देतो आहे. तो आता आमच्या मोटारीवर कंडक्टर आहे. डोंगरकड्याला गाडी थांबली की तो उतरून थेट तुझ्याच हातात देईल. मामांना वाचता येत नाही हे बरं आहे, आणि तुला येतं हे त्याहून बरं. मला लिहायला तूच शिकवलंस, तेव्हा अक्षर वाईट दिसलं तर दोष मास्तरणीचा.

शेळी व्याली. दोन पिल्लं झाली, एक पांढरं आणि एक तुझ्यासारखं रागीट. भाकरी मीच थापतो. गोल सोडून सगळे आकार येतात.

बाकी खबर मोटारीची. क्लच अजून सुटतोच आहे. तू विचारशील हे काय, म्हणून समजावून लिहितो. इंजीन आपल्या जागी फिरतं आणि चाकं आपल्या जागी, मध्ये एकानं दुसऱ्याला धरावं लागतं. ते धरणं म्हणजे क्लच. आमच्या या वीस वर्षांच्या म्हातारीत त्या जागी एक लोखंडी शंकू आहे आणि त्याला चामडं मढवलेलं आहे. पेडलवरून पाय काढला की चामडं इंजिनाच्या मोठ्या चाकात घट्ट बसतं आणि गाडी निघते. आता ते बसतं, पण धरत नाही. सपाटीवर भागतं. चढ लागला की इंजीन बोंबलतं, गाडी बैलाच्या चालीनं सरकते आणि पायाखालच्या फळीखालून जळक्या चामड्याचा वास येतो.

नांदेडहून नवा मिस्त्री आणला होता. त्यानं आधी पेडल दाबून पाहिलं. वर दोन बोटं मोकळं असावं लागतं, ते होतं. मग स्प्रिंग आवळली. आता पेडल इतकं जड झालंय की रात्री डावी पोटरी आखडते. शेवटी त्यानं परीक्षा घेतली. सपाट जागी हातब्रेक ओढायचा, मोठ्या गिअरात टाकायचं आणि पाय हळूहळू सोडायचा. क्लच धड असेल तर इंजीन गचका देऊन बंद पडतं. आमचं मजेत फिरत राहिलं. मिस्त्री हात झटकून गेला.

डोंगरकडा आलं की मी हॉर्न वाजवतो. कामाला एकदा पुरे, मी तीनदा वाजवतो. लोक हसतात. तू बाहेर येत नाहीस. तुझ्या आईंचं तेरावं झाल्यावर येते म्हणालीस, मग दिवाळी झाल्यावर, मग संक्रांत झाल्यावर. संक्रांत जाऊन पंधरा दिवस झाले. आईंमागं तुझ्या वडिलांच्या, मामांच्या भाकरीची अडचण मला कळते, पण माझ्या भाकरीचं वर लिहिलंच आहे. घर फार मोठं वाटतं, आणि ते किती लहान आहे हे तुला माहीत आहे.

ये.

तुझा,
रामकिशन


हिंगोली,
माघ वद्य चतुर्थी

सौ. द्वारका हीस आशीर्वाद.

काल मामा स्वतः गाडीपाशी आले होते. मी खाली उतरलो, पाया पडलो. म्हणाले, "जावईबापू, पोरीनं तुमचं पत्र दोनदा वाचलं. म्हनली, मोटारीचं समदं लिवलं, पन मोटार काहून बिघडली ते लिवलं न्हाई."

मी म्हणालो, "तिला ठाऊक हाय की, मामा."

"म्या बी तेच म्हनलो. तर म्हनली, मला न्हाई ठाऊक, त्यायनलाच इचारा."

आता तुला पुन्हा काय सांगू? त्याच दिवशी सांगितलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला की आईंचं काही खरं नाही, द्वारकेला घेऊन या. मी तुला पुढं माझ्या शेजारी बसवलं. कयाधू नदीपलीकडच्या चढावर गाडीनं दम सोडला. उतारू उतरवले, ढकलली, थंड केली, पुन्हा ढकलली. सकाळचे निघालेले आपण दिवस मावळल्यावर पोचलो. मामांनी तुझी वाट पाहिली, पण दिवस असताना उरकावं लागतं म्हणून लोकांनी आईंना उचललं. आपण शिवेवर आलो तेव्हा माणसं आंघोळी करून परतत होती.

तू त्या रात्री एवढंच विचारलंस की गाडी का चढली नाही. मी सांगितलं की जहांगीर मिस्त्रीनं नुकतंच नवं चामडं घातलं, ते बरोबर बसवलं नाही. मालकांनी त्याला काढूनही टाकलं. याहून जास्त मी काय लिहू?

तुझा,
रामकिशन


हिंगोली,
फाल्गुन शुद्ध द्वितीया

द्वारका,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि खोडला. आज मी तुला आशीर्वाद देण्याच्या जागी नाही.

परवा शेळीच्या पांढऱ्या पिल्लाचं पोट फुगलं. थोडं एरंडेल पाजावं म्हणून आईंनी तुझ्या केसांसाठी पाठवलेली बाटली कोनाड्यात पाहायला गेलो. बाटली नव्हती. ट्रंक पाहिली, फडताळ पाहिलं. मग आठवलं की ती बाटली दसऱ्यापासून रिकामीच होती. रिकामी बाटली कोण नेईल? तूच नेलीस. निरोप आला त्या सकाळी घाईत तू दोनच लुगडी घेतली होतीस, आणि तरी ती बाटली घेतलीस, कारण परत येताना आईंकडून भरून आणायची होती. म्हणजे तेल संपलंय हे तुला त्या सकाळीच ठाऊक होतं. तुझ्या केसांना ते लागलं नव्हतं हेही तुलाच ठाऊक. मी चामड्याचं नाव काढताच ते कुठं गेलं हे तुला कळलं असणार. चार महिने तू गप्प बसलीस आणि मी तुला हॉर्न वाजवून दाखवत होतो.

ते तेल मी क्लचला घातलं.

खंडेनवमीला मोटार धुतली, झेंडूची माळ बांधली, हळदकुंकू वाहिलं. नवं चामडं कोरडं होतं, निघताना गाडी झटका द्यायची. जहांगीरभाईनं बजावलं होतं की आठ दिवस चालली की बसेल, हात लावू नको. पण दसऱ्याला तुला शेजारी बसवून गावातून हिंडवायचं माझ्या मनात होतं. झटका बसला तर बायका तुला हसतील असं वाटलं. मी लहानपणापासून मोटेचं चामडं पाहिलेलं. मामाही मोट सोडण्याआधी तिला तेल पाजतात, नाहीतर ती तडकते. चामडं ते चामडं, असं धरून मी फळी काढली आणि आईंची सगळी बाटली पाजली.

दसऱ्याला गाडी लोण्यासारखी निघाली. तू हसलीस. मी मिशीला पीळ दिला. गावात चढ नाही, म्हणून काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी चढावर पहिल्यांदा इंजीन ओरडलं तेव्हाच मला कळलं होतं. तू विचारलंस तेव्हा जिभेवर जहांगीरभाईचं नाव आलं, आणि एकदा आलं ते मला गिळता आलं नाही. आपलं ठेवायचं झाकून म्हणतात, तसं मी झाकलं आणि दुसऱ्याच्या पोटावर पाय दिला.

काल जहांगीरभाईंना शोधत जवळा बाजार गावी गेलो. आठवड्याचा बाजार होता. जहांगीरभाई एका पडवीत गळक्या कंदील-बादल्यांना कथलाचा डाग देत बसले होते. ज्या माणसानं आख्खं इंजीन उतरवून चढवलं, तो बादल्या डागत होता. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम संपवलं, बादली गिऱ्हाइकाला दिली, मग माझ्याकडं पाहिलं.

"चमड्याला तेल? रामकिशन, तू मोट समजला का रे?"

"व्हय."

"मोटंला पाणी धरायचं असतंय. ह्याला इंजीन धरायचं असतंय. धरनाऱ्याच्या हाताला कोनी तेल लावतंय का? कुस्तीत सुटायचं असलं तर लावत्यात."

मी मान खाली घातली. त्यांनी दुसरी बादली पुढं ओढली. मग म्हणाले, "माझी तकलीफ जाऊ दे. तुझ्या बायकोनं मला निरोप धाडला होता, पौष महिन्यात. भावसिंगच्या हाती. म्हनली, भाई, तुमची चूक नव्हती हे मला ठाऊक हाय, पन ते त्यायच्या तोंडून यायला पायजे. म्हून मी थांबलो."

द्वारका, हे ऐकून मला बाजारात रडू आलं. लोक पाहत होते.

त्यांना घेऊन रात्री हिंगोलीला आलो आणि तसाच मालकांच्या दारात उभा राहिलो. किसनसिंग मालकांनी ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "जहांगीर आजपासून कामावर. तू गाडीवर बसायचं न्हाई. खोटं बोलनाऱ्याच्या हातात मी मानसं देत नसतो. ऱ्हायचं असंल तर त्याच्या हाताखाली ऱ्हा."

मी राहिलो आहे. आज सकाळी जहांगीरभाईनं शंकू बाहेर काढला. चामडं रॉकेलनं धुऊन मुलतानी माती चोळून पाहिली. परत बसवून गाडी फिरवली, तासभर धरलं. इंजीन तापलं तसं आत मुरलेलं तेल पुन्हा वर आलं. म्हणाले, हे धुऊन जायचं नाही, नवंच घालावं लागेल. मी चामडं कापलं, त्यांनी बसवलं. मग परीक्षा घेतली. हातब्रेक, मोठा गिअर, पाय हळूहळू वर. इंजीन गचका देऊन बंद पडलं. ते बंद पडलेलं ऐकून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

उद्यापासून गाडी डोंगरकड्याला येईल, पण मी नसेन. रोज तुझं दार दिसत होतं. बंद असलं तरी दिसत होतं. आता तेही नाही. मी इथं हात काळे करून बसेन आणि दुपारी गाडी तुझ्या गावात पोचायची वेळ झाली की मला कळेल. ती वेळ माझ्या अंगात बसली आहे. तुझी आठवण येते हे लिहिताना लाज वाटते, पण येते. भांडी घासताना येते, विहिरीवर येते, तू माझ्यावर चिडून दुसरीकडं तोंड करून झोपायचीस त्याची येते.

तू ये असं आज लिहीत नाही. आईंचं तोंड मी तुला परत दाखवू शकत नाही, आणि तेल चुकून घातलं असलं तरी खोटं मी चुकून बोललो नव्हतो. मला मात्र तिकडं यायचं आहे. मामांसमोर आणि आईंच्या तुळशीपाशी उभं राहून हे तोंडानं सांगायचं आहे. जहांगीरभाई सोमवारी सुट्टी देणार आहेत. मोटारीनं येणार नाही, रविवारी रात्रीच निघून चालत येईन. येऊ नको वाटलं तर भावसिंगजवळ तसं सांग. मी रागावणार नाही, पुढच्या सोमवारी पुन्हा विचारीन.

तुझ्या आईच्या तेलानं तुझी वाट अडवणारा, आणि तरीही तुझाच,

रामकिशन