चारही केबल एकाच कंट्रोलरला: स्वीकृती-पत्रावरील माझी सही मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
राजधानी मराठी पत्रसंग्रह,
नवी दिल्ली.

विषय: सर्व्हर व सामायिक स्टोरेज यांच्या चुकीच्या जोडणीबाबत, आणि तिला दिलेली माझी संमती रद्द करण्याबाबत.

संदर्भ: १) स्वीकृती-पत्र, दि. २१ ऑक्टोबर. २) माझे पत्र, दि. २४ ऑक्टोबर, व त्यावरील शेरा ‘तक्रारीचे निवारण झाले’.

महोदया,

मी या संस्थेत सव्वीस वर्षे ग्रंथपाल होतो. आता समितीचा सदस्य आहे. संगणकाचे शिक्षण मी घेतलेले नाही. खालील मजकूर चुकीचा असू शकेल या भीतीने हा अर्ज चार वेळा फाडला. तरी लिहितो, कारण छायाचित्रे सुरक्षित झाली असे धरून येत्या १४ तारखेला मूळ पत्रांची एकशे बारा खोकी लगद्यासाठी जाणार आहेत, आणि ती माझ्या सहीमुळे जाणार आहेत.

१. पत्रांची छायाचित्रे ज्या स्टोरेजमध्ये ठेवली आहेत त्याला दोन कंट्रोलर, म्हणजे चित्रे आत-बाहेर जाण्याची दोन दारे, आहेत. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम चालवावे, हा हेतू. ही चित्रे पडद्यावर आणणाऱ्या ब्लेड सर्व्हरच्या पेटीला दोन स्विच (विजेची बटणे नव्हे, केबल जोडण्याचे खण) आहेत. प्रत्येक स्विचची एक केबल वरच्या कंट्रोलरला व एक खालच्याला जावी, असे मॅन्युअलमध्ये आकृतीसह दिले आहे. मी गुडघे टेकून प्रत्येक केबलवरून बोट फिरवले. चारही वरच्याला लावल्या आहेत. खालच्या कंट्रोलरच्या तोंडांवर कारखान्यातली प्लास्टिकची टोपणे तशीच होती. टोपण लावलेल्या तोंडातून काही जात नाही, एवढे ग्रंथपालालाही कळते.

२. चाचणीच्या दिवशी कंत्राटदाराचे इंजिनिअर श्री. प्रसन्न यांनी एक केबल काढली, मग एक स्विच बंद केला. संगणकाच्या पडद्यावर पत्र दिसत राहिले व टाळ्या वाजल्या. कंट्रोलरला कोणी हात लावला नाही. मी तसे म्हणालो, बहुधा फार हळू. ते म्हणाले, “काका, लेबल लावलंय ना ए आणि बी? बिल्कुल सेफ आहे, चलो, साइन करा.” सात जण घड्याळाकडे पाहत उभे होते. मी सही केली. याची मला लाज वाटते.

३. माझ्या २४ तारखेच्या पत्रानंतर उपसंचालक श्री. उल्हास यांनी कारवाई केली. केबल हलवली नाही. टोपणे तेवढी काढून टाकली. मग ‘निवारण झाले’ असा शेरा मारला. दोष जागच्या जागी राहिला आणि पुरावा कचऱ्यात गेला.

४. दि. ५ रोजी वरचा कंट्रोलर अपडेटसाठी बंद केला, तेव्हा चाळीस मिनिटे एकही पत्र उघडले नाही. श्री. उल्हास यांनी “नेटवर्क स्लो है” असे सांगितले. नेटवर्क मंद नव्हते, महोदया, वाटच नव्हती. उद्या तो कंट्रोलर जळाला तर चित्रे आत असतीलही, पण बाहेर काढता येणार नाहीत. चित्रांची दुसरी प्रत पुढच्या वर्षी होणार आहे. लगदा मात्र गुरुवारी होईल.

५. सबब, दोन केबल खालच्या कंट्रोलरला लावाव्यात व वरचा कंट्रोलर माझ्यासमोर बंद करावा. पडद्यावर पत्र दिसत राहिले तर मी लेखी माफी मागेन आणि खोकी स्वतः टेम्पोत चढवीन. तोवर माझी सही मागे घेतली आहे.

६. सही मागे घेण्याचा नमुना कार्यालयात उपलब्ध नाही, असे श्री. उल्हास यांनी आज सकाळी मला सांगितले व ते हसले. म्हणून मी खोक्यांच्या खोलीत येऊन आतून कडी लावली आहे. डबा व मॅन्युअल बरोबर आहे. कृपया दार जोरात ठोठावू नये, मी दचकतो. केबल लावून झाल्यावर चिठ्ठी दाराखालून सरकवावी. ती श्री. उल्हास यांच्या हस्ताक्षरात नसावी.

आपला, आजवर नम्र,
हरिदास गणेश मुळगुंद
रा. मुनिरका
दि. ११ नोव्हेंबर २०२४

सोबत: मॅन्युअलमधील आकृतीची मी हाताने काढलेली नक्कल. (मूळ पान माझ्याकडे आत आहे.)