आमच्या घरची बारी

अत-बाशी, १९ जानेवारी

नूरीपाच्या बाबांना,

नूरीपाच्या आईचा सलाम. आम्ही सगळे ठीक. सासूबाईंचे गुडघे थंडीने धरलेत, नूरीपाला नवे बूट घेतले, घोडीने पुन्हा कुंपण मोडलं. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून एशेनच्या हाती पत्र देतेय. तो तुमच्याच शहरात कामाला चाललाय. फोन कापता येतो, पत्र कापता येत नाही.

तुमच्या मंडळाची खबर सांगते. यंदाही हिवाळाभर घरोघरी आळीपाळीने बोझो प्यायची बैठक चालू आहे. आपली बारी या शुक्रवारी होती. मी बोझो आंबवायला वरी निवडत होते, तर मंडळाचे म्होरके ओमुर आके दारात. टोपी फिरवत बसले, मग म्हणाले, "पोरी, तुझं घर यंदा वगळलंय."

"का? मी मेले का?"

"घरात पुरुष नाही. आणि बोझोची मोठी कढई तरी कुठाय?"

कढई! ती शरदातच तुमच्या धाकट्या भावाने, मुरझाने उचलून नेली. म्हणे, "वहिनी, तुला एकटीला एवढी कशाला?" एकदा वगळलेलं घर मंडळात परत येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. सासऱ्यांनी लकव्यातसुद्धा बारी चुकवली नव्हती. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "आके, बारी आमची. शुक्रवारी या."

पण बोझो करू कशात? रोजच्या जेवणाची लहान कढई, दुधाचे दोन कॅन आणि नूरीपाचं अंघोळीचा टब, एवढंच घरात. पातळ शिजवलं असतं तर चौघांपुरतंच मावलं असतं. म्हणून वरीच्या पिठाचा लगदा इतका घट्ट शिजवला की उलथनं उभं राहील. शिजला की टबात ओतायचा, कढई पुन्हा चढवायची. खांदे भरून आले. कोमट झाल्यावर मोडाच्या गव्हाचं पीठ घातलं आणि दोन्ही कॅन भरले. विरजण लोटाभरच होतं. ते एका कॅनमध्ये घातलं आणि तो फसफसल्यावर त्यातलंच दुसऱ्यात. आंबल्यावर उकळलेलं पाणी घालून वाढवायचं आणि गाळायचं, हा बेत.

दुसऱ्या कॅनचं झाकण मी रागाच्या भरात गच्च आवळलं. सकाळी ते उडून छताला लागलं. सासूबाई आतून ओरडल्या, "कुबात आला!" तुम्ही दार असंच आपटायचात ना.

मी छत पुसत होते, तेव्हा त्या बाहेर आल्या. म्हणाल्या, "तो येणार नाही, पोरी. घर वगळायला त्यानंच ओमुरला फोन केला. तिकडे त्याला मुलगा झालाय."

म्हणजे ओमुर आकेंना सांगायला तुम्हाला तोंड होतं! मुरझाला सांगायला होतं! माझ्यापुरतीच वाचा बसली? सगळं गाव माझी कीव करत होतं आणि मी मूर्खासारखी तुमचे लोकरी मोजे विणत होते. मी हातातलं फडकं फेकलं. सासूबाईंनी ते उचललं आणि गाळायला माझ्यासमोर बसल्या.

शुक्रवारी सगळे आले. मुरझाने खवचटपणे विचारलं, "वहिनी, टबातलं पाजतेस?"

"भावोजी, कढई चोराच्या घरी आहे. करू काय?"

सगळे खो खो हसले. दुसऱ्या दिवशी त्याने ती स्वतः आणून अंगणात ठेवली, वर मान केली नाही.

पण त्याआधीचं ऐका. पहिला वाडगा भरायच्या आधी ओमुर आकेंनी रीतीप्रमाणे विचारलं, "कोणाची बारी?" घरधन्याचं नाव घ्यायचं असतं. सगळे खाली बघायला लागले.

"बुरुलची," मी स्वतःचं नाव घेतलं.

मग आकेंनी वाडगा तोंडाला लावला, रिकामा केला आणि पुन्हा पुढे केला. "बुरुलचा बोझो दाट आहे. पुढच्या हिवाळ्यात पहिली बारी हिची."

लग्नापासून मी तुमचं नाव तोंडाने घेतलं नाही. आता घेते. कुबात, मंडळातला तुझा वाडगा घासूनपुसून एशेनबरोबर पाठवलाय. त्या जागी आता माझा असतो.

बुरुल